अकराच्या तासाचं फूल

त्या साली मधमाश्या आल्याच नाहीत. गरम कोरडा वारा सुटला तो महिना झाला तरी हटेना. ओढ्याकाठची झुडपं फुलायच्या आत करपली, झाडांच्या ढोलीतली पोळी रिकामी पडली. भोपळ्याच्या वेलांना त्याचं काय. ते आपले वेळेवर फुलले आणि वाट बघत बसले. नराच्या फुलातली पिवळी पूड मादीच्या फुलापर्यंत कुणीतरी न्यायला हवी, नाहीतर मादीच्या बुडाशी बोराएवढी जी गाठ असते ती चार दिवसांत पिवळी पडते आणि गळून जाते.

म्हणून मधमाश्यांचं काम घरची थोरली सून करत होती. तांबडं फुटताना शेतात उतरायचं, वाकून नराची फुलं खुडायची, पाकळ्या फाडून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात तीनदा हलक्या हाताने फिरवायचा. झालेलं फूल ओळखू यावं म्हणून देठाला चिंधी बांधायची आणि पुढे सरकायचं. ऊन चढलं की फुलं मिटतात, आणि एकदा मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. म्हणजे काम दोन-अडीच तासांचं, पण तेवढ्या वेळात कंबर सरळ म्हणून करायची नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, तेही फारसं न बोलता, हात धरून. गावात बाकी सगळे धान्यवाले. भोपळा याच घराचा. एरवी माश्यांकडून राहिलेली फुलं तेवढी थोरली हाताने करायची, यंदा सगळं शेत धरलं होतं ते तिच्या बोटांवर.

शाळेत त्याच सुमाराला एक नवा तास सुरू व्हायचा होता. बी कसं रुजतं, फूल कशासाठी येतं, फळ कसं धरतं, हे मुलांना हातात माती घेऊन शिकवायचं. शाळेमागची पडीक जागा खोदून तयार झाली होती, बियाही रुजल्या होत्या, चोवीस मुलांचे चोवीस वेल. शिकवायला माणूस तेवढं नव्हतं. एके दिवशी सकाळी हेडमास्तर सायकल भिंतीला टेकवून घरात आले.

"यंदा माश्या नाहीत तरी तुमच्याकडे फळ धरलंय म्हणे," ते सासूबाईंना म्हणाले. "ज्यांच्या हाताने धरलंय त्यांना पाठवा. आठवड्याला तीन तास, तीन महिने. मुलांचं भलं होईल."

थोरली मागच्या दाराशी पाय धूत होती. नखांत अडकलेली पिवळी पूड ती काढत होती, ती काढायची थांबली. असू दे, दिसू दे, असं तिला वाटलं.

"थोरलीला म्हणता?" सासूबाई गुडघा चोळत हसल्या. "अहो, तिला चार माणसांत नाव विचारलं तर ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. वेलांशी बोलेल ती, मुलांशी काय बोलणार. आमच्या धाकटीला न्या. बारावी झालीय, विज्ञान घेऊन. बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं."

हेडमास्तरांनी क्षणभर आतल्या दाराकडे पाहिलं. तेव्हा थोरलीने बाहेर येऊन 'मी येते' एवढंच म्हणायचं होतं. पण ती वाट बघत राहिली, कुणीतरी आपलं नाव घेईल म्हणून. नवरा तिथेच बसून बुटांचा चिखल खरवडत होता. त्याने बुटावरून मान वर केली नाही. धाकटी चहा घेऊन आली, "मला जमेल का पण?" म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा चेहरा असा काही खुलला की जमेल हे सगळ्यांना दिसलं.

थोरलीने पाय पुन्हा धुतले. ते मघाशीच स्वच्छ झाले होते.

धाकटी या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. बाजारगावची मुलगी, शेत तिने लांबूनच पाहिलेलं. घरातली कामाची वाटणी अशी होती की पहाटे थोरली शेतात जायची आणि धाकटी चुलीपाशी बसायची. सासूबाईंचं गरम पाणी, दूध, दिराचा आणि नवऱ्याचा डबा, हे सगळं तिच्याकडे. शेतात ती यायची ती दुपारी, थोरलीचा डबा घेऊन. तोवर फुलं केव्हाच मिटलेली असत. स्वभावाने ती चांगली होती, आणि अडचण तिथेच होती. वाईट असती तर थोरलीला तिचा राग करायला सोपं गेलं असतं.

थोरलीला एकच मुलगी होती, दहा वर्षांची. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. लहान असताना तिने दोनदा विचारलं होतं, "आई, पहाटे मी येऊ तुझ्याबरोबर?" दोन्ही वेळा थोरली म्हणाली होती, "झोप तू. माझ्यासारखं वाकून वाकून मरायचंय का? पुस्तक वाच." पोर आज्ञाधारक निघाली. झोपली आणि पुस्तक वाचायला लागली. आता ते पुस्तक काकूच्या हातात होतं.

"आई, तुला माहितीये, भोपळ्याच्या फुलांत नर आणि मादी असतात," भिंगरी एका संध्याकाळी म्हणाली. थोरली भाजी चिरत होती.

"असं?"

"बाई म्हणाल्या."

"कोण बाई?"

"काकू गं. शाळेत बाई म्हणायचं असतं." भिंगरीने काकूसारखीच मान एका बाजूला कलवली. "नराचा देठ लांब आणि बारीक. मादीचा आखूड, आणि बुडाशी छोटासा भोपळा. तुला ओळखता येतं?"

थोरली अंधारातसुद्धा नुसतं चाचपून नर कुठला नि मादी कुठली ते सांगू शकली असती. बारा वर्षं तिने दुसरं केलं काय होतं.

"येतं थोडंफार," ती म्हणाली.

"नाही आलं तर काकूला विचार. ती रागवत नाही. समजेपर्यंत सांगते."

विळीवर बोट लागलं नाही हेच नवल. त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे जळायला लागलं ते थांबेना. पोरगी काकूसारखी वेणी घालायला लागली. वहीत काकूने काढलेलं फूल होतं, त्याखाली काकूचं अक्षर गिरवलेलं. रात्री आईच्या कुशीत झोपणारी पोर आता काकूच्या खोलीत 'थोडंच वाचून येते' म्हणून जायची आणि तिथेच झोपून जायची. सकाळी तिचं अंथरूण थोरली न मोडलेलं बघायची आणि शेतात जायची. आपलीच जाऊ, आपलीच पोर, तक्रार कुणाकडे आणि कशाची करणार? तिने मग एक केलं. संध्याकाळचा चहा देताना धाकटीला कान तुटलेला कप द्यायला सुरुवात केली. धाकटीच्या ते लक्षातही आलं नाही. तिने तो कप दोन्ही हातांत धरून मजेत चहा प्यायला, आणि थोरलीचा संताप आणखीनच वाढला.

शाळेतल्या वेलांना फुलं येऊन दोन आठवडे झाले असतील. धाकटी दुपारी डबा घेऊन आली ती बांधावर बसूनच राहिली.

"ताई, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचार की."

"शाळेतलं एकही फळ धरत नाही. आम्ही सगळं बरोबर करतोय. नराचं फूल खुडतो, पाकळ्या काढतो, मादीच्या फुलात फिरवतो. मी पुस्तक दहादा वाचलं. तरी चौथ्या दिवशी गाठ पिवळी."

"करता केव्हा?"

"अकराला. तास अकराचा असतो ना. फूल तेव्हा जरा मिटलेलं असतं, पण मुलं बोटांनी हळूच उघडतात. एकही पाकळी फाटू देत नाहीत बिचारी."

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे हिला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. अर्थात कुठून असणार? पुस्तकात काढलेलं फूल सदा उघडंच असतं, आणि हे घर जेव्हा शेतात असतं तेव्हा ही चुलीपाशी असते. एका वाक्याचं काम होतं. पहाटे या, बाई, अकराला त्या फुलात काही उरत नाही. वाक्य थोरलीच्या जिभेवर आलंसुद्धा होतं.

पण तिची नजर धाकटीच्या बोटांकडे गेली. पांढऱ्या खडूची बोटं, तळव्याला एक घट्टा नाही. याच बोटांना धरून आपली पोर शाळेत जाते.

"पाणी कमी पडत असेल," थोरली म्हणाली.

"पाणी?"

"वारा बघतेस ना कसा आहे. दुप्पट घाला."

धाकटीने पिशवीतून वही काढली, आणि बांधावर बसून ते लिहून घेतलं. "ताई, सुटले बघा मी. तुम्हाला विचारायला भीत होते उगाच."

थोरलीने राहिलेला घास तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

आठवड्याने काही कामाने ती शाळेच्या रस्त्याने निघाली होती. तसा तो रस्ता वाकडा पडत होता, पण ती निघाली होती. भिंतीवरून तिने पाहिलं. हौदापासून वेलांपर्यंत मुलांची रांग लागली होती. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात पत्र्याचा डबा. भिंगरी दोन्ही हातांनी डबा धरून येत होती, फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला, जीभ एका बाजूने बाहेर. वेलांच्या बुडाशी चिखलाचं डबकं झालं होतं आणि खालची पानं पिवळी पडून लोळत होती. धाकटी उन्हात गुडघे टेकून एका मुलीला मिटलेलं फूल उघडायला शिकवत होती. चुरगळलेलं फूल, ओल्या कागदासारखं.

हेडमास्तर व्हरांड्यात आले. "बाई, महिनाअखेरपर्यंत एखादं तरी फळ दिसू द्या. नाहीतर हा तास मी गणिताला परत देणार. पालक विचारतात मला, मुलं शाळेत येतात की पाणी भरायला."

सगळ्या मुलांसमोर. धाकटीने मान हलवली, आणि कपाळावरचे केस चिखलाच्या हाताने मागे सारले. त्याचा पट्टा कपाळावर उमटला तो तिला कळलाही नाही.

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं गार वाटलं तिला. त्या संध्याकाळी तिने धाकटीला चांगल्या कपातून चहा दिला.

हे गार वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली ती थेट मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. थोरली आत गेली तर पोर साबणाने हात घासत होती. हात लालबुंद झाले होते.

"अगं, काय लागलंय हाताला?"

"काही नाही."

"मग?"

भिंगरीने नळ बंद केला नाही. "आई, काही काही लोकांचा हात वाईट असतो का? वर्गातली एक मुलगी म्हणाली, माझ्या हाताने लावलेलं सगळ्यात आधी गळतं. माझी पाच गळली. तिची तीनच." आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला. "काकू म्हणते असं काही नसतं. पण काकूला रडू येतं, मी बघितलंय. माझ्यामुळे तिचा तास जाणार."

थोरलीने तिचे हात टॉवेलात धरले. लांब, निमुळती बोटं, अंगठ्याचं नख जरा चपटं. थोरलीच्या आईची बोटं अशीच होती. इतके दिवस हे आपण पाहिलं कसं नाही, असं तिला वाटलं.

"तुझा हात चांगला आहे," ती म्हणाली.

"मग गळतं का?"

थोरलीने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती घरच्या शेतात जायच्या आधी शाळेकडे वळली. कुंपणाच्या तारा वाकवून आत शिरली. चोवीस वेल, प्रत्येकापाशी काठीला बांधलेली पाटी. भिंगरीच्या पाटीवर नावाखाली एक फूल काढलेलं होतं, काकूच्या फुलासारखं. थोरलीने टाचेने माती उकरून त्या वेलाच्या बुडाचं पाणी वाट काढून बाजूला लावलं. वेलावर दोन माद्या उघडल्या होत्या. तिने नर खुडला, पाकळ्या फाडल्या, तीनदा फिरवला. दुसऱ्या फुलाला तेच. हात आपोआप चालत होते.

मग ती उभी राहिली. बाकीच्या तेवीस वेलांवरही फुलं उघडून बसली होती, पिवळीधमक, तळहाताएवढी. कुजत चाललेले वेलसुद्धा फुलले होते. नर हाताशी होते, वेळ होता, अर्ध्या तासाचं काम. थोरलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एकट्या भिंगरीचंच फळ धरेल आणि सगळी शाळा बघेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो तिला आवडला. ती आली तशी कुंपणातून बाहेर पडली.

पाच दिवसांनी भिंगरी दप्तर दारातच टाकून धावत आत आली.

"आई, धरलं. दोन्ही धरली. लिंबाएवढी झालीत."

"बघ, सांगितलं नव्हतं मी, हात चांगला आहे म्हणून?"

"सगळ्यांना दाखवला माझा वेल. हेडमास्तरांनी विचारलं, कसं केलंस? मी सांगितलं, बाईंनी शिकवलं अगदी तसंच केलं. मग ते काकूला म्हणाले, शाबास, बाई. म्हणजे एक धरलं तर बाकीचीही धरतील म्हणे." पोरीला श्वास पुरत नव्हता. "आई, काकूने ना, मला उचललंच."

जेवताना सासूबाईंनी त्यावर शेवटचा हात फिरवला. "धाकटीच्या हाताला गुण आहे हो. शिक्षणाचा फायदा असा होतो."

नवरा 'हं' म्हणाला. धाकटी लाजून ताटाकडे बघत होती, "तसं काही नाही, भिंगरीचंच कौतुक," वगैरे म्हणत होती. पहाटे चोरासारखी तारांतून शिरली ती थोरली, टाचेला खरचटलं ते तिच्या, आणि नाव झालं धाकटीचं. तेही स्वतःच्या हाताने करून दिलं. बरं, चोरून केलेल्या कामाचं कौतुक मागायला जायचं तरी कुठे? ती पाणी आणायला म्हणून उठली आणि परत पानावर आली नाही.

आणखी दोन दिवस गेले. पहाटे थोरली शेतात वाकलेली होती. चार ओळी झाल्या असतील, तिला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर बांधावर भिंगरी. अनवाणी, झोपेतल्या विस्कटलेल्या वेणीने. ती आईकडे बघत नव्हती, शेताकडे बघत होती.

"एवढी उघडतात?" ती म्हणाली.

उजेड पसरत होता आणि सगळं शेत उघडलेलं होतं. वेलांवर जागोजाग देठांना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या.

"आमच्याकडे कधीच अशी नसतात. आम्हाला वाटलं, भोपळ्याचं फूल असंच असतं, चुरगळलेलं."

"तू का उठलीस एवढ्या लवकर?"

भिंगरीने मूठ उघडली. तिच्यात लाल कापडाचा बोटभर तुकडा होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. "हा माझा जुना फ्रॉक आहे. माझ्या वेलावर होता, देठाला बांधलेला. धरलेल्या दोन्ही फळांना." तिने शेतातल्या चिंध्यांकडे पाहिलं. "तू केलंस."

बारा वर्षांची हाताची सवय. फूल झालं की चिंधी. बांधली कधी हे थोरलीला आठवतही नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्या हाताने नाही धरलं."

"नाही."

भिंगरी रडली नाही. तिने चिंधी पुन्हा मुठीत घेतली आणि थोडा वेळ विचार केला. तो विचार कुठे जातोय हे थोरलीला दिसत होतं, समोरून गाडी येताना दिसावी तसं.

"फुलं पहाटे उघडतात हे तुला माहीत होतं. मग काकूला का नाही सांगितलंस?"

"तिने विचारलंच नाही," थोरली म्हणाली. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

पोरीचा चेहरा एकदम सैल झाला. "एवढंच ना? काकू वेडीच आहे. मी सांगते तिला. उद्या सगळे पहाटे येऊ. आणि तू शिकवायला ये. येशील ना, आई? माझ्या वर्गासमोर?"

हेच ऐकायला थोरलीचे कान इतके दिवस टवकारलेले होते. ती "येते" म्हणाली, आणि राहिलेल्या ओळी तिने कशा पुऱ्या केल्या ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेमागे चोवीस मुलं डोळे चोळत उभी होती. हेडमास्तर खुर्ची टाकून बसले होते. धाकटी चूल सासूबाईंच्या गळ्यात घालून आली होती. वही छातीशी धरून ती उघडलेल्या फुलांकडे टक लावून बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्यासारखी. पहिल्यांदाच पाहत होती ती.

भिंगरीने आईचा हात धरून तिला पुढे आणलं. "ही माझी आई. हिला सगळं माहितीये. बाईंपेक्षा जास्त."

हे वाक्य थोरलीने मनातल्या मनात किती वेळा ऐकलं होतं.

"बाई," भिंगरी धाकटीकडे वळून म्हणाली, "तुम्ही आईला आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलंच नाही म्हणाली ती."

धाकटीने मान वर केली. बोट वहीत होतं, आणि त्या पानावर काय लिहिलंय हे थोरलीला न वाचता माहीत होतं. पाणी दुप्पट, ताईंनी सांगितलं. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. धाकटीच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. बांधावरचं बोलणं, हौदापासूनची रांग, कुजलेली मुळं, कदाचित तो तुटका कपसुद्धा. मग तिने वही मिटली.

"हो गं," ती भिंगरीला म्हणाली. "चुकलं माझं. राहूनच गेलं विचारायचं."

"बाई, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारण्यात कमीपणा कसला?" हेडमास्तर खुर्चीतून म्हणाले. "महिनाभर मुलांना राबवलंत उगाच."

"हो, सर," धाकटी म्हणाली.

थोरलीने गप्प बसायचं होतं. बस, एवढंच. तास तिचा झाला असता, मुलं तिची झाली असती, भिंगरी तर झालीच होती. धाकटीने स्वतःहून सगळं तिच्या ओंजळीत घातलं होतं. आणि नेमकं तेच थोरलीला सहन होईना. फुलातलं ओ की ठो कळत नव्हतं हिला, तरी आज इथे उभं राहून मोठी झाली ती हीच. माफसुद्धा हिनेच करायचं, आणि आपण ते घ्यायचं? ती लाज होती की तोच जुना जळफळाट, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं.

"विचारलं होतं हिने," थोरली म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "बांधावर येऊन विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. पाणी घाला म्हटलं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"म्हणजे ते सगळं पाणी आम्ही फुकट ओढलं?" मागून एका मुलाने विचारलं.

"फुकट ओढलं."

"रोज वीस डबे?"

"हो रे बाबा, फुकट."

भिंगरीने आईचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, आणि आपल्या वेलापाशी जाऊन पाटीकडे तोंड करून उभी राहिली.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "ऊन चढतंय. फुलं मिटतील."

मग थोरलीने शिकवलं. तिला बोलता येत होतं, चांगलं येत होतं. देठ कुठे खुडायचा, पाकळी कशी फाडायची, पूड बोटाला लागते की नाही ते कसं बघायचं, कोरडी असेल तर ते फूल सोडून द्यायचं. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि शंका विचारत होती, आणि ती उत्तरं देत होती. बारा-तेरा वेल तसे गेल्यातच जमा होते, पण तिने ते सोडले नाहीत. करता करता ती भिंगरीच्या वेलाशी आली. एक मादी नुकतीच उघडली होती.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या हाताने लाव. तीनदा फिरव, हलक्या हाताने. दाबायचं नाही."

भिंगरीने नराचं फूल घेतलं. पाकळ्या नीट फाडल्या, एकही तुकडा न ठेवता. दांडा मादीच्या फुलावर नेला, आणि हात तिथेच अधांतरी थांबला. तिने मान वर केली. आईकडे नाही. आईच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या काकूकडे तिने पाहिलं आणि विचारलं, "तीनदा?"

धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं. मग मान हलवली.

तेव्हा कुठे पोरीने हात खाली नेला. थोरली शेजारी वाकून होती. एक, दोन, तीन, तिने मनात मोजलं. बरोबर फिरवलं होतं, अगदी थोरलीच्या आईसारखं. तिने लाल चिंधी काढून पुढे केली. भिंगरीने ती घेतली नाही. वेणीची रिबीन सोडून तिने देठाला बांधली आणि पुढच्या फुलाकडे सरकली.